एकसष्टावा दात

पाती बांधली की गिरणी घरासारखी वाटते.
मी वर, टोपीखालच्या अंधारात,
कानामागे खडू, गुडघ्यावर मेणाचा डबा.
खालून वोबे ओरडतो, "कुठला?"
सातवा.
मग सत्ताविसावा, मग सत्तेचाळिसावा.
"आणि मधले?"
मधले धडधाकट. काल बसवल्यासारखे.

मोठ्या चाकाला साठ दात, सफरचंदाच्या लाकडाचे,
खालच्या पिंजऱ्याला वीस दांडे.
वीस त्रिक साठ.
ज्यानं हे आखलं त्याला शून्य बाकी आवडत असणार,
वही मिटली की त्याला लगेच झोप लागत असणार.
आणि साठ तरी किती मनमिळाऊ!
दोन आले, या. तीन, चार, पाच, सहा, या बसा.
दहा, बारा, पंधरा,
नाही म्हणणं तिला जमतच नाही.

पण पिंजऱ्याच्या सातव्या दांड्यात एक गाठ होती,
झाडात असल्यापासूनची.
आणि तो दांडा एकोणचाळीस वर्षं
तिघांनाच भेटत होता.
सात, सत्तावीस, सत्तेचाळीस, पुन्हा सात.
त्यातल्या दोन मूळ संख्या. मी पाहिलं तपासून.
त्यानं त्यांचं काही वाचलं नव्हतं.

वोबेचीही तीनच दारं:
रविवारी चर्च, मंगळवारी दूधवाला युर्यन,
बुधवारी बहीण, आउक्ये.
तिघांनाही तोच खोकला, कालव्याच्या पाण्याबद्दलची तीच तक्रार.
आउक्ये हल्ली दार उघडण्याआधी
थोडा वेळ दाराशी नुसती उभी राहते.

"नव्या चाकाला एक दात जास्त," वोबे म्हणाला.
एकसष्ट.
मी बोटांवर घेतलं: दोननं जात नाही,
सहा नि एक सात, म्हणजे तीननं नाही,
शेवटी पाच नाही, शून्य नाही,
सात आठे छप्पन्न, वर पाच उरले.
पुढे विचारायला नको, आठ आठे चौसष्ट.
मूळ आहे! मी जवळजवळ ओरडलेच.
तो म्हणाला, "नसती तरी चाललं असतं.
त्रेसष्टही चालली असती.
वीसशी तिचं काही सामाईक नको, एवढंच.
मसावि एक. बस.
पण तीन दातांना जागा नाही, जिल्डाऊ, एकालाच आहे."

साठ आखायला कंपास पुरतो:
त्रिज्या परिघावर सहा वेळा चालत जाते
आणि निघाली तिथेच येते.
एकसष्टला कंपास ओळख देत नाही.
पत्र्याची पट्टी कडेला गुंडाळायची, काढायची,
केसभर सरकवायची, पुन्हा गुंडाळायची.
तीन दिवस. चौथ्या दिवशी खुणा जुळल्या
तेव्हा दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही,
मोडली तर?

गाठीचा दांडा बदलू या, मी म्हटलं.
"असू दे. आता सगळ्यांना
थोडी थोडी वाटली जाईल."

चाकाच्या वीस फेऱ्या, पिंजऱ्याच्या एकसष्ट.
लसावि बाराशे वीस.
तेवढ्यात प्रत्येक दात
प्रत्येक दांड्याला एकदा भेटून येतो,
मग कुठे पहिल्या जोडीची पुन्हा गाठ.
ठक्क अजून येतो. फक्त
कुठून येईल ते सांगता येत नाही.

बुधवारी आउक्येचा फोन. "वोबे आला नाही?"
सायकल नव्हती जागेवर.
कुठे गेला ते मलाही माहीत नव्हतं.
"बरं," ती म्हणाली, आणि मग जरा थांबून, "बरं आहे."

दुपारी वारा लागला. मी ठरवलं, बाराशे वीस मोजायचेच.
एका दातावर खडूची रेघ मारली.
चारशे एकोणीसवर होते,
तेव्हा पोतं घेऊन एक पोरगा आला, राईचं पीठ मागत,
आणि मोजणी तिथेच तुटली.

रात्री अंथरुणात त्या संख्येला भाग देत राहिले.
दोन नाही. तीन नाही. पाच कशाला.
सातला एकानं हुकली.
अकराला एकानं जास्त झाली.
तेराकडे तीन उरले.
एकोणीसपर्यंत जायचं होतं.
सतरापाशी झोप लागली.