पाव मैल

सदुसष्टची डॉज डार्ट.
पारशाच्या बंगल्यातून भंगाराच्या भावात सुटली.
कमळाकरनं तिला हलकी केली:
बंपर उतरवले, मग हीटर.
उलव्यात हीटर! आई हसली होती.
तीच आता ओट्यावर
डार्टच्या मागच्या सीटवर बसून करंदी निवडते.

अजून न उघडलेला सागरी रस्ता,
रात्रीचे दोन,
चुन्याच्या दोन रेघा.
इथंच आज्याचं मिठागर होतं.
या रेघेपासून त्या रेघेपर्यंत
फळी ओढायला त्याला
अख्खी सकाळ लागायची.

टायर जळाले. नाक वर झालं.
बारा सेकंद आणि थोडं.

थांबायला मात्र
पार खारफुटीपर्यंत जावं लागलं तिला.
तिथं इंजिन बंद करून
कमळाकर काच खाली घेऊन बसून राहिला.
भरती येत होती.
बोनेट टिकटिक करत निवत होतं.