हुल्डा क्रीक

नकाशावर ओटिलीचं घर
एक काळा चौकोन आहे, तिळाएवढा.
भिंग धरलं तर दिसतं,
छपाईत त्याचा एक कोपरा ढासळलाय.
गोठा खरंच त्या बाजूला कलला होता,
पण तो योगायोग.

सत्तावीस सालचा उन्हाळा.
टेक्सासचे चुनखडीचे डोंगर, शेळ्या, सिडारची झुडपं,
आणि तिपाईवर फळी मांडून हॉलिस प्रुएट
एक डोळा मिटून
टेकडीभोवती तपकिरी रेघा काढत होता,
जात्याभोवती पीठ पडावं तशा.
दर वीस फुटांना एक.
मधल्या एकोणीस फुटांत काय असतं
हे विचारायची त्याला नेमणूक नव्हती.

ओटिली त्याला ताक देई
आणि जर्मन-इंग्रजीच्या खिचडीत सांगे:
तो झरा फेब्रुवारीत बोलतो, ऑगस्टात नुसता ओला असतो;
त्या उतारावर माझी दोन मुलं आहेत,
दगड लावलेत, बघून पाय टाक.
त्यानं पाय बघून टाकला.
झऱ्याला निळी तुटक रेघ मिळाली.
दफनभूमीला चिन्ह होतं,
पण दोन दगड म्हणजे दफनभूमी नव्हे.

मग, या ओढ्याचं नाव?
नाव कशाला, ती म्हणाली, एकच तर आहे.
रकाना रिकामा ठेवायची मुभा नव्हती.
पायरीवर बसलेला नऊ वर्षांचा लॉरेन्झ
हसू दाबत म्हणाला, हुल्डा.

हुल्डा म्हणजे त्यांचं खेचर.
मागल्या पुरात ओढ्याच्या मधोमध उभं राहिलं,
चार माणसांनी दोर ओढला तरी हललं नाही.
प्रुएटनं स्पेलिंग नीट विचारून घेतलं.

त्र्याऐंशीच्या आवृत्तीत
विमानातून दिसलेलं नवं सगळं जांभळ्यात छापलंय:
जांभळा रस्ता, जांभळं तळं, जांभळ्या घरांची रांग.
तीळ कुठेच नाही.

फाटकावर सोनेरी अक्षरं, हुल्डा क्रीक इस्टेट्स.
विक्री कार्यालयातली मुलगी गिऱ्हाइकांना सांगते,
हुल्डा ही इथं आलेली पहिली बाई,
फार सोशिक होती म्हणतात.

सत्तरी ओलांडलेला लॉरेन्झ एकदा सहज आत शिरला.
सोशिक नव्हती, तो म्हणाला.
पण हलली नाही, हे खरं.

मुलगी हसली, कॉफी आणायला गेली.
तो टोपी हातात घेऊन
भिंतीवरच्या नकाशापाशी गेला
आणि दोन तपकिरी रेघांमधल्या कोऱ्या जागेवर
बोट ठेवून उभा राहिला,
कॉफी निवेपर्यंत.