दोन बोटं जागा

जामनेर रोडवर, सुपडू मिस्तरीच्या दुकानात
माझी काळी जर्मन गाडी चार जॅकवर उभी आहे,
पाय काढून घेतलेल्या पलंगासारखी.
नाशिकच्या कुणा बिल्डरने वापरून सोडलेली.
आली तेव्हा तिची चाकं सतरा इंची, राखाडी, सालस,
कचेरीतल्या बाबूच्या बुटांसारखी.

भिंतीवर एकोणीस इंची टांगलंय.
पाच जोडआऱ्यांचं, काळंभोर, कड तेवढी चांदीची.
त्याच्याकडे मी जशी बघतेय
तशी सराफाच्या काचेकडेही कधी बघितलं नाही,
आणि माझं माहेर जळगावचं आहे.

सुपडू खडूने फरशीवर गणित मांडतो.
दोनशे पंचवीस, पन्नास, सतरा.
खाली: दोनशे पंचेचाळीस, पस्तीस, एकोणीस.
"बाहेरचा घेर तेवढाच ठेवा लागतो, ताई,
नाई त मीटर खोटं बोलतं.
चाक वाढलं का रबर घटलं."
एकशे बारा मिलिमीटरची भिंत शहाऐंशीवर येते.
म्हणजे गेली इंचभर हवा.

इंचभर हवेचा हिशेब माझ्याहून कुणाला कळावा?
मी भूल देते.
भुसावळ, सावदा, फैजपूर, रावेर,
दुसऱ्याचा श्वास हातात धरून बसते.
आधी वजन विचारते, मग औषध भरते.
आज पहिल्यांदाच वजन विचारायचं नव्हतं मला.

सर्जनांच्या गाड्या पोर्चमध्ये लागतात.
माझी जनरेटरपाशी.
"मॅडम, जरा पुढे घ्या ना",
हे अकरा वर्षं.
एकोणीस इंचाला असं कोण म्हणेल,
आलं मनात. खोटं कशाला सांगू.

सुपडूचा बाप गाडीलोहार होता.
बाभळीच्या चाकावर तापून लाल झालेली धाव चढवायचा,
वरून पाणी ओतलं की लोखंड आक्रसायचं
आणि चाक वाफेत दिसेनासं व्हायचं.
"धाव जाड केली का बैल लवकर थके," सुपडू म्हणाला,
"पण गिऱ्हाईकाले जाडच पाहिजे राहे.
पोळ्याले मिरवाले."
आणि पाना पुसत बसला.
मला उद्देशून होतं का ते, विचारलं नाही.

रात्री दोनला सावद्याहून फोन येतो.
तापीचा पूल, मग केळीच्या ट्रकांची रांग,
डांबरावर सांडलेली पानं, ओल्या साबणासारखी,
आणि आमोद्याच्या अलीकडचा तो खड्डा,
दर पावसाळ्यानंतर बुजवतात,
दर दिवाळीला पुन्हा उघडतो.
मे महिन्यात तर टायरमधली हवासुद्धा
उसासा टाकावा तशी फुगते.
या रस्त्याने मी माझ्या पाठीचे मणके ओळखते,
एकेकाला, नावानिशी.

टेबलावर घेतलेल्या माणसाला मी म्हणते,
विसापासून उलटं मोजा.
वीस, तो म्हणतो, जरा लाजत.
एकोणीस, जड जिभेने.
अठरा.
त्याच्या खाली शुद्धीत उतरलेलं
मला तरी कुणी आठवत नाही.

"अठरा," मी म्हणाले, जरा मोठ्यानेच.
सुपडूने मानसुद्धा वर केली नाही.
खडूने तिसरी ओळ लिहिली:
दोनशे पंचवीस, पंचेचाळीस, अठरा.
बाहेरचा घेर जवळजवळ तोच.
पोराला हाक मारली, "आण रे ते चार,"
ते चार आधीच दाराशी काढून ठेवलेले होते.

आता चाक आणि कमानीच्या मधे थोडी फट दिसते.
रात्रपाळीच्या देवचंदने बॅटरी मारून पाहिलं,
त्यात दोन बोटं आडवी घालून म्हणाला,
"मॅडम, इथे अजून जागा होती की."
होती, म्हटलं.

परवा आमोद्याचा खड्डा त्या जागेत मावला.
मांडीवरची फाईल घसरली नाही.

एकोणीस इंची अजून भिंतीवरच आहे.
जामनेर रोडला वळले
की माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो.