लाल थोडा उशिरा

संगणक खाली, जुन्या कचेरीच्या कपाटात,
कारण मनोऱ्यावरच्या खाऱ्या हवेनं
आधीचे दोन गिळले.
पडदा मात्र वर, विब्रेनसमोर.
मध्ये ब्याण्णव मीटर, जलद्वाराच्या पोटातून.

पडद्याची स्वतःची जाड केबल एवढं चालत नाही,
वीस-पंचवीस मीटरांवरच अक्षरं धापा टाकतात.
म्हणून ही बारीक, निळी;
आत आठ तारा, दोन-दोन एकमेकींत पिळलेल्या.
लेउवार्डेनचा दुकानदार म्हणाला,
वरच्या दर्जाची घ्या, बाई.
घेतली. महाग ते चांगलं,
आई असंच म्हणायची, निदान पडद्यांच्या कापडाबद्दल.

नोव्हेंबर. हार्लिंगनला चार वाजताच दिवे.
मी अलीकडच्या काठावर, विब्रेन पलीकडे,
नळीतून केबल सरकतेय.
"हळू! ही जाळ्याची दोरी नाही,
हिसडलीस तर आतला पीळ सैल पडतो!"
वळणावर मुठीएवढी गोलाई ठेवली,
पंपाच्या वीजतारेपासून हातभर लांब राहिलो,
टोकाशी पीळ उसवला तो नखाएवढाच.
इतकं नेटकं काम मी क्वचितच करते.

पडदा लागला.
विब्रेननं नाक काचेला टेकवलं.
"येल्ट्ये, अक्षरांना सावल्या आल्यात.
लाल. उजव्या अंगाला."
मला वाटलं, वय.
पण हा माणूस एकतीस वर्षं
धुक्यातलं गलबत येतंय की जातंय
ते त्याच्या लाल-हिरव्या दिव्यांवरून सांगतो.
त्याला खोटा लाल खपत नाही.

रात्री घरी, उरलेला तुकडा सोलून
चारी जोड्या ओट्यावर मांडल्या.
एकीची कुजबुज दुसरीच्या कानी जाऊ नये
म्हणून प्रत्येकीला निराळा पीळ,
कुणी घट्ट, कुणी सैल.
घट्ट जोडीत तांबं जास्त भरतं;
बाहेरून लांबी तीच,
आतून वाट मोठी.
तिन्ही रंग कचेरीतून एकदमच निघतात
आणि लाल पोचतो दोन ठिपके मागाहून.

संगणकांच्या आपसातल्या गप्पांना हे चालतं,
ते थांबतात, मोजतात, जुळवून घेतात.
चित्राला तेवढी सवड नाही.
कुजबुज जितकी दाबावी
तितकी ही फारकत वाढू शकते,
दर्जा वरचा म्हणजे काय
ते दुकानदारानं सांगितलं नव्हतं.
मीही विचारलं नव्हतं.

चित्रासाठी सारख्या पिळाची केबल मिळते,
तीन आठवड्यांनी.
तोवर एक डबी, तीन स्क्रू, एकेका रंगाचा एकेक.
मी आधी लालच फिरवला. सावली वाढली.
पुन्हा फिरवला. आणखी वाढली.
मग पत्रक वाचलं, जे आधी वाचायचं असतं:
मागे राहिलेल्याला पुढे ढकलणारा स्क्रू
यात नाही, कशातच नसतो.
आहेत ते फक्त थांबवणारे.

हिरव्याला थांबवलं, किंचित.
निळ्याला त्याहून थोडं जास्त.
"अजून," विब्रेन. "अजून. बस, बस, मागे घे."
आणि काळ्यावर पांढरं अक्षर उमटलं,
कडा धुतल्यासारख्या.
तो बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, "पुढच्या बोटीचं नाव चुकीचं टाइप केलंय."
ते खरंच चुकलं होतं.

परतताना दरवाजावरची अरुंद फळी,
एका वेळी एकच माणूस.
त्याचा गुडघा ओहोटीला दुखतो म्हणे.
मी मधोमध कठड्याला टेकून उभी राहिले,
बुटाची नाडी सुटली नव्हती
तरी बांधली.

उरलेले सहा मीटर त्यानं मागून घेतले,
उन्हाळ्यात वाटाण्याचे वेल बांधायला.
चालता चालता एक जोडी उलगडू लागला.
दोन्ही तारा सुट्या झाल्या, सरळ मात्र होईनात.
सुंभ जळल्यावर राहतो तो पीळ माहीत होता;
हा तर न जळताच,
त्याच्या बोटांत, दिव्याखाली,
लाटा-लाटांनी उभा.