मोजणी

निपाणीत स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान.
तंबाखूचा खकाणा कागदावर बसतो,
पासपोर्टाच्या प्रतींनाही तोच वास.
लक्काप्पा बन्नेची प्रत मीच काढली,
दोन रुपयांत, दोन्ही बाजू.
फोटोत तो असा बघतोय, जणू कॅमेऱ्यामागं
एखादं मेंढरू कळप सोडून चाललंय.

एजंट म्हणाला, काम तुझंच, गाव तेवढं वेगळं.
खरंच होतं. मेंढरं, काठी, ऊन.
मालक एका देशाचा, कुरण दुसऱ्या देशात,
मधल्या रस्त्यावर कमान,
कमानीखालून मालकाची गाडी कधीही ये-जा करायची.
त्याला त्यात नवल वाटलं नाही.
आपणही कागलला दवाखान्यात जातो,
लेक तिकडं देतो, सून इकडं आणतो.

मायाक्काचा फोन बटणांचा,
त्याचा आवाज ऐकायला ती दुकानात यायची.
आधी वारा. मग मेंढरं. मग तो.
"हितली बी तशीच वरडत्यात गं.
मराठीत हाकलतो, कानडीत मोजतो,
त्यास्नी अरबीच पायजे असं काय न्हाई."
कानडीत, कारण बाप तसा मोजायचा.

मग रोज्यांच्या महिन्यात राजे-राजे भांडले.
कशावरनं, ते मी तिला तीनदा समजावलं,
तीनदा वेगळं.
ती म्हणाली, बांधावरनं असंल.
मी म्हटलं, नाही, बांध नव्हे,
आणि पुढं मला सांगता येईना.

हुकूम निघाला, परक्यांची जनावरं आठवड्यात बाहेर.
माणसांबद्दल हुकमात काही नव्हतं.
दोन फाटकांमधल्या पट्ट्यात हजारो खूर;
मागचं लागलं, पुढचं उघडेना.
टँकर येणार होता.

त्या दिवशीचा मेसेज चाळीस सेकंदांचा.
मेंढरं ओरडत नव्हती,
म्हणून मी आवाज वाढवला, मशीन बंद केलं,
पंखाही बंद केला.
"तीनशे बारा हुती," तो म्हणाला, "आता मोजतोय."
कानडी आकडे सुरू झाले
आणि सत्तावीसपाशी थांबले.

मेलेल्या एका मेंढरामागं पगाराचे चार दिवस कापायचे,
असं मालकानं कळवलं.
मी कॅल्क्युलेटरवर गुणाकार केला
आणि उत्तर तिला दिसायच्या आत पुसलं.
पासपोर्ट मालकाच्या कपाटात होता,
कपाट कमानीपलीकडं.

राजांनी गळाभेट घेतली ती टीव्हीवर आली.
गालाला गाल.
"मिटलं म्हणा की," मायाक्का म्हणाली,
"मग कापल्यालं परत द्येतील न्हवं?"
त्या अर्जाची प्रत अजून माझ्याकडं आहे.

तो आला. बारीक झालेला, बाकी बरा.
नळ उघडला की बंद करायला विसरायचा,
उभा राहून बघत राहायचा.

परवा डिसेंबरात सीमेचं पुन्हा पेटलं.
कुणीतरी बसच्या पाटीला काळं फासलं,
कोगनोळीला गाडी अडवली.
कागलहून परत येत होतो आम्ही.
शिव्या घालत सगळे उतरलो,
पिशव्या उचलल्या, दोन्हीकडच्या पोलिसांमधून
पायी निघालो. अर्धा किलोमीटर,
पुढं आपली बस उभी. कुणी शेंगा खात होतं.
दरवर्षीचंच.

लक्काप्पा पुढं जाऊन बॅरिकेडपाशी थांबला,
हात आडवा धरला,
आणि एकेकाला हाताखालून सोडू लागला.
ओंदु. एरडु. मूरु.
कॉलेजची पोरं हसली. एक पोलीसही हसला.
बाळंतपणाला आलेली बाई वाकू शकेना,
तर त्यानं हात वर घेतला, पण मोजली.
मी वाकून गेलो.
पाठीवर त्याचा तळवा टेकला.
"हत्तोंबत्तु," तो म्हणाला.

बस भरली, कंडक्टरनं घंटी मारली,
तरी तो तिथंच.
चल लक्काप्पा, मी म्हटलं, सगळे आले.

"न्हाई," म्हणाला,
"परत एकदा सोडतो हाताखालनं.
सत्तावीसच भरत्यात."