ओला रंग

तिबिलिसीच्या वाके बागेत
आज कारंज्यापासून तिसरा बाक रंगवलाय.
पुठ्ठ्यावर खडूनं : ओला आहे.

बाकीचे बाक मोकळेच. पण
झाउरी उभा, काखेत सोंगट्यांचा पट.
गुरामी उभा, खिशात फासे खुळखुळवत.
नाझिब्रोला सूर्यफुलाच्या बियांची पुडी वळता वळता म्हणते,
"बसा की तिकडं, सावलीय."
"तिकडं?" झाउरी म्हणतो,
जणू तिनं परमुलखाचं नाव घेतलं.

सायकल शिकणारी एक पोरगी पडते,
रडण्याआधी यांच्याकडे बघते.
यांचं लक्ष बाकाकडे.
मग कशाला रडायचं. उठते.

गुरामी करंगळी टेकवून पाहतो.
हिरवी.
घटकाभरानं पुन्हा.
जराशी कमी हिरवी.

दिवे लागल्यावर दोघं घरी निघाले,
भांडत, शेवटच्या दानावरून.
पाठीवर तीन-तीन पट्टे.