धाव

वडनेर फाट्यावर माझं गॅरेज,
म्हणजे चार बल्ल्या, टिनाचं छप्पर
आणि दमेकऱ्यासारखा खोकणारा कॉम्प्रेसर.
येतात ते ट्रॅक्टर, कापसाच्या मेटाडोर.
मंगळवारी मात्र टेंभरे मॅडमची गाडी आली.
साठच्या सालातली, दोन सीटांची, बिनटपाची,
तुमसरकडच्या खाणीचा कुणी साहेब मागे टाकून गेलेली.
रंग मोहाच्या कोवळ्या पालवीचा, तांबूस.
उंची इतकी कमी की बाजूला उभी शेळी
तिच्याकडे वरून पाहत होती.

मॅडम रिटायर पीटी टीचर, शिट्टी अजून गळ्यात.
म्हणाल्या, "अंबादास, वणेच्या पुलाच्या वळणावर
मागून घसरते ही. रुंद चाकं बसव."

जुनी चाकं तारेच्या आऱ्यांची, सायकलच्या थोरल्या बहिणी.
मधोमध एकच नट, पाखराच्या पंखांचा.
उजवीकडचा उलट्या आट्याचा,
हे न कळून पहिला अर्धा तास
मी तो घट्टच करत बसलो.

नवी आली नागपूरहून, गोणपाटात शिवलेली.
साडेचार इंचाच्या जागी सहा.
दीड इंच म्हणजे काय, बोटाचं दीड पेर.
पाऊण आत, पाऊण बाहेर.
आत पाट्याची स्प्रिंग, बाहेर मडगार्डची कड,
आणि दोघींनाही
शेजारी नवीन माणूस राहायला आलेला चालत नाही.

बाजेवर आजा बसून. चिंधूजी.
या हातांनी त्यानं बंड्यांची चाकं घडवली,
तुंबा, आरे, पाटे,
आणि वरून लोखंडी पट्टी, तिचं नाव धाव.
गोवऱ्यांच्या जाळात लाल करायची, चढवायची, पाणी ओतायचं,
ती किंचाळत आवळायची लाकडाला.
आता एका कानानं ऐकतो, तेही त्याच्या मर्जीनं.
"दोरा आन," म्हणाला.
जुन्या टायरभोवती गुंडाळला, गाठ मारली,
मग नव्याभोवती.
"चार बोटं जास्त हाय."
म्हणजे काटा साठ म्हणेल
तेव्हा ती बासष्टनं धावत असेल.
मॅडम हसल्या, "माझ्या वयासारखं. सांगते कमी."

टायरच्या खांद्यावर खडू फासला,
डिकीत तुरीचं पोतं, बाजूला मी,
पांदणीच्या चाकोरीतून मारुतीपर्यंत आणि परत.
खाली झोपून पाहिलं.
डावीकडे कड कोरी.
उजवीकडे वीतभर पांढरी रेघ,
शाळेच्या पाटीवर पोरानं ओढावी तशी वाकडी.
"काऊन बे, एकाच अंगाले?" मी स्वतःलाच विचारलं.
आजा बाजेवरून म्हणाला,
"कोनतीबी गाडी दोन्ही अंगानं सारखी नसते.
बैलबी नसते."

मग कडेला गॅसची हलकी आच,
लाकडी हातोडा, ओलं पोतं.
ठोक, थांब. ठोक, थांब.
साठ वर्षांचा पत्रा आतल्या बाजूला दुमडत गेला
मुकाट्यानं,
फक्त एका जागी रंगाला केसाएवढी चीर.
मॅडमनं बोट फिरवलं तिच्यावरून.
शिट्टीला हात गेला होता, वाजवली नाही.

संध्याकाळी एकट्याच गेल्या वणेकडे.
परतल्या तेव्हा टायरच्या खाचांत
काळी माती ठासून भरलेली,
माझा पोऱ्या स्क्रू ड्रायव्हरनं ती उकरत बसला.
"धरते आता वळणावर," मॅडम म्हणाल्या.
मग हाताचे तळवे उघडून दाखवले, लाल.
"आधी बोटांनी वळायची. आता दंड लागतात."
आजानं मान डोलावली.
"धाव रुंद केली का चाक रुतत नाई.
पन बैलाले जड जाते."

जुनी चाकं विकू नको म्हणाल्या,
बल्लीला टांगून ठेव. ठेवली.
कंदिलाएवढ्या बल्बाखाली मी बिल लिहिलं:
चाकं बसवणे चार.
पत्रा दुमडणे, वीतभर.
दोरा, फुकट.
आणि तो पहिला अर्धा तास,
उलट्या आट्याचा,
तो मी लावला नाही.